आर्डव्हाराचा बेत

इनिस डलगार्नो माझ्या स्वयंपाकघरात आला, टोपी न काढताच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "इशी, ते दोघं आपल्याला फसवतायत."

मी ओव्हनमधून मटणाच्या करंज्या काढत होते. बेकरी विकून टाकली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. "कोण दोघं?" मी विचारलं. कोण ते मला कळलं होतं, पण ते त्याच्याच तोंडून यावं असं वाटलं.

"मर्डो आणि वॉटी. दुसरं कोण?"

किनबाराच्या समुद्रकाठच्या मैदानावर आम्ही चौघं इतकी वर्षं एकत्र गोल्फ खेळतोय, की गावात आमची नावं एका दमात घेतात. मर्डो रेनी बंदराचा पायलट होता. बाहेरून आलेली जहाजं वाळूच्या दांड्यांमधून वाट काढत धक्क्याला लावायची, हे त्याचं काम. वॉटी कूलचं खाटकाचं दुकान होतं, ते आता त्याची मुलगी चालवते. इनिस कोर्टात शिरस्तेदार होता आणि अजूनही शपथेवर असल्यासारखा बोलतो. आणि मी इशबेल. बायकांच्या गटात खेळापेक्षा चहा जास्त व्हायचा, म्हणून कंटाळून या तिघांत शिरले ती शिरलेच.

दर मे महिन्यात आम्ही वॉटीच्या गाडीतून उत्तरेला जातो. वाळूच्या टेकड्या, खारं वारं, आखूड राठ गवत असलेली समुद्रकाठची जुनी मैदानं खेळत खेळत आठवडा काढतो. दोन जोड्या पाडतो. जी जोडी जिंकेल तिच्या घरी वॉटीच्या आजीची चेपलेली तांब्याची किटली वर्षभर राहते. गेल्या वर्षी ती मर्डो आणि वॉटीकडे गेली, आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

"गॉल्स्पीला काय झालं आठवतं?" इनिस म्हणाला. "मर्डोचा चेंडू टेकडीवरच्या गवतात गेला. गुडघाभर गवत! त्यात मेंढी बसली असती तर मेंढी सापडली नसती. आणि वॉटीने जाऊन लगेच हाक मारली, 'मिळाला!' कुठे होता? सशांनी कुरतडलेल्या गुळगुळीत जागेवर. ताटात वाढल्यासारखा."

"असतं एखाद्याचं नशीब."

"एकदा असतं. ब्रोराला पुन्हा? डॉर्नॉकला पुन्हा? आणि दर वेळी सापडतो वॉटीलाच. मर्डो आपला लांब उभा, समुद्राकडे बघत. जसा काही तो चेंडू शेजाऱ्याचा आहे."

मी करंजी त्याच्यापुढे ठेवली. आमच्या खेळात पंच नसतो. उंच गवतात तुम्ही एकटे असता आणि तुमचा चेंडू जरासा हलला तर तो हलला असं तुम्हीच येऊन सांगायचं असतं. किनबारात बायको टाकून गेलेल्या माणसालाही कोणीतरी बिअर पाजतं. पण पायाने चेंडू सरकवणारा मेला तर लोक त्याच्या मयतीला जात नाहीत.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. माझ्यासमोर ते सावध असतात. तू नजर ठेव."

"मी काय पोलीस आहे?"

"तू बाई आहेस, इशी. बेकरीत उभं राहून तू सगळ्या गावाचं गुपित गोळा केलंस. एवढं तुला जड नाही."

मी त्याला हाकलून दिलं. पण एकदा कानात शिरलेली गोष्ट काही केल्या बाहेर निघेना.

पुढच्या रविवारी खेळून झाल्यावर आम्ही क्लबातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बेत ठरवायला बसलो. बाहेर समुद्रावरून धुकं आत सरकत होतं. इनिसने नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "तर मग पहिला मुक्काम गॉल्स्पी."

"या वर्षी उत्तर नको," मर्डो म्हणाला. "पश्चिमेला जाऊ. आर्डव्हारा."

वॉटीच्या हातातला ग्लास ओठांपाशी थांबला.

आर्डव्हारा आमच्यापैकी कोणीच खेळलं नव्हतं, पण नाव सगळ्यांनी ऐकलेलं. बोटीने पलीकडच्या बेटावर जायचं. तिथे गवत कापायला यंत्र नाही, मेंढ्या खातील तेवढंच कमी होतं. निम्मे फटके टेकडीवरून पलीकडे न बघताच मारावे लागतात, आणि वाळूतल्या त्या चिवट गवतात चेंडू गेला की गेला.

"नको रे बाबा," वॉटी घाईघाईने म्हणाला. "बोट लागते मला."

"तुला?" मी म्हणाले. "दर उन्हाळ्यात मासे धरायला बुडत्या होडीतून जातोस तो तू?"

"ती लहान होडी. मोठ्या बोटीचं वेगळं असतं."

"मोठ्या बोटीत जास्त लागतं?" इनिसने शांतपणे विचारलं. साक्षीदाराला असंच विचारत असणार.

"हो. काहींना लागतं. आणि म्हातारी माणसं आपण, त्या ओसाड बेटावर कोणाचा पाय मोडला तर? गॉल्स्पीच बरं. सपाट आहे, चहा चांगला मिळतो."

"मला आर्डव्हाराच खेळायचंय," मर्डो म्हणाला. हे बोलताना तो वॉटीकडे बघत होता, पण सरळ नाही. त्याच्या कानाच्या जरा बाजूला, कोपऱ्यातल्या कोट टांगायच्या खुंट्यांकडे बघावं तसं. मला ते चमत्कारिक वाटलं. मनात चोर असलेला माणूस नजर देत नाही, हे मी गल्ल्यावर बसून पुरतं शिकले होते.

"ठीक," इनिस म्हणाला. "आर्डव्हारा तर आर्डव्हारा. पण जोड्या या वेळी चिठ्ठ्या टाकून. दर वर्षी तेच ते कंटाळवाणं होतं."

"मग मी येत नाही," वॉटी ताडकन म्हणाला.

वॉटीचं तोंड त्याच्याच दुकानातल्या काळजासारखं लाल झालं होतं. "म्हणजे, तसं नाही," तो पुटपुटला. "मर्डोची आणि माझी सवय आहे एकमेकांची. एवढंच."

इनिसने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

त्यानंतर मला जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. मर्डोने गाडी विकली होती. पेट्रोल परवडत नाही म्हणाला होता तेव्हा मी मान डोलावली होती. आता वाटलं, पायलटच्या पेन्शनीत पेट्रोल परवडत नाही? हाय स्ट्रीटवर मी समोरच्या फुटपाथवरून हात केला, तर हा सरळ पुढे गेला. दुकानात पावाच्या फळीपाशी माझ्या शेजारी उभा राहिला आणि मी "काय मर्डो" म्हटल्यावर दचकला. वॉटी रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन बसायचा. "काय करता रे दोघं एवढं?" मी एकदा वॉटीला रस्त्यात धरून विचारलं.

"शब्दकोडं सोडवतो."

"तुला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग एका दमात येत नाही, वॉटी कूल."

"म्हणून तर सोडवतो," तो म्हणाला आणि पिशवी सावरत सटकला.

मग त्यानेच एक दिवस मला क्लबाच्या आवारात गाठलं. आजूबाजूला बघून हलक्या आवाजात म्हणाला, "इशी, तू तरी मर्डोला सांग. तुझं ऐकतो तो. आर्डव्हारा नको."

"का नको ते मला खरं सांग, मग सांगते."

तो तोंड उघडून उभा राहिला. काहीतरी ओठांवर आलं होतं. पण मग त्याने टोपी खाली ओढली. "जाऊ दे. तुम्हाला काय सांगायचं?" असं म्हणून निघून गेला. हा माणूस माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होता. आणि मी त्याच्या पाठीकडे बघत मनात म्हणत होते, खोटारडा.

मार्चमध्ये इनिस दात काढायला डंडीला गेला, तेव्हा आम्ही तिघंच खेळलो. वारं इतकं होतं की झेंड्याची काठी वाकत होती. समुद्राच्या कडेने जाणाऱ्या लांब होलवर मर्डोचा फटका उजवीकडे वळला आणि काटेरी झुडपांच्या मागे गवतात पडला. मी चांगला बघितला. अगदी वाईट जागी. माझा चेंडू डावीकडे होता. मी तिकडे चालू लागले, आणि टेकाडाआड जाताच वळून परत आले. त्या झुडपांना तेव्हा पिवळी फुलं लागली होती. मी गालाला काटे टोचून घेत त्यांच्या फटीतून बघितलं.

वॉटी गवतात वाकला. दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. खोल रुतलेला चेंडू त्याने बोटांनी उचलला, कोटाच्या बाहीला पुसला, पलीकडच्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि ओरडला, "मिळाला रे! बरा आहे!"

इनिसचं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण तसं काहीच झालं नाही.

मर्डो सावकाश चालत आला. "कुठे?"

"हा काय, पुढ्यात."

मर्डो पुढे झाला, पाय रोवले, काठी टेकवली. आणि मी बघतच राहिले. तो चेंडूपाशी उभा नव्हता. त्याच्यापुढे एक पांढरा शिंपला पडला होता, समुद्रपक्ष्यांनी फोडून टाकलेला. चेंडू त्याच्या डावीकडे हातभर होता. मर्डो त्या शिंपल्यावर नेम धरून, मान हलवत, पुन्हा पुन्हा झेंड्याच्या दिशेने बघत होता.

वॉटी खोकला. "अंमळ डावीकडे सरक," तो म्हणाला. "तिथे पाय घसरेल तुझा."

मर्डो सरकला. काठीच्या टोकाने चाचपत त्याने चेंडू शोधला, आणि मग असा सुरेख फटका मारला, की चेंडू वाऱ्याखालून जाऊन थेट झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर पडला. इतक्या वर्षांचं अंगात मुरलेलं होतं, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. चेंडू कुठे पडला ते मात्र त्याने विचारलं नाही. त्याने वॉटीच्या तोंडाकडे कान केला, आणि वॉटी म्हणाला, "हिरवळीवर. झेंड्याच्या पलीकडे." तेव्हा कुठे त्याने काठी पिशवीत टाकली.

खेळ संपल्यावर मी वॉटीला गाडीपाशी अडवलं. "मी बघितलं," एवढंच म्हणाले.

तो गाडीच्या मागच्या फळीवर मटकन बसला. "किती?"

"सगळं. शिंपलासुद्धा."

"नजरेच्या मधलं दिसेनासं झालंय त्याला," वॉटी म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. माणूस दिसतो पण तोंड दिसत नाही. वाढत चाललंय म्हणे, थांबवता येणार नाही. कोणाला सांगायचं नाही असं मला बजावलंय त्याने. पायलट माणूस, इशी. धुक्यात जहाज आणायचा तो. त्याला काय वाटत असेल?"

"आणि चेंडू? तोही त्यानेच उचलायला सांगितला?"

"छे! त्याला कळलं तर मारून टाकील मला." वॉटीने तळहातांनी डोळे चोळले. "गवतात गेला की त्याला तो अजिबात दिसत नाही. पहिल्यांदा हाच प्रकार झाला तेव्हा हवेत काठ्या मारत राहिला, आणि मग म्हणाला, 'पुरे झालं, वॉटी. विकून टाकतो सगळं सामान.' मला सहन झालं नाही. पुढच्या वेळी मी चेंडू जरा बाहेर काढून ठेवला. जराच. मग ते वाढत गेलं. आर्डव्हाराला कसं निभावणार? तिथे सगळंच गवत आहे."

मला वाटलं, इनिसला हे सांगितलं की तो विरघळेल. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याचा गाल सुजलेला होता. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक प्रश्नही विचारला नाही, आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे फसवणूकच."

"अरे, तुझ्या छातीत काळीज आहे की कोर्टाचा शिक्का?"

"ओरडू नकोस, दात काढलाय, दुखतंय." त्याने गालाला फडकं लावलं. "मर्डोचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. पण तू विचार कर. त्या माणसाने उभ्या आयुष्यात लबाडीचा एक फटका मारला नाही. वॉटीने त्याला लबाड केलंय, आणि त्याला पत्ताही नाही. मी त्याच्यावर महिनाभर चोरावर ठेवावी तशी नजर ठेवली. तूही ठेवलीस. हे कोणामुळे?"

मी दार आपटून निघून आले.

बेत पक्का करायची दुसरी बैठक माझ्या घरी ठरली. जेवणाच्या वेळी सगळे आले. मी बटाट्याचं आणि सुक्या माशाचं सूप केलं होतं. वॉटी माझ्याकडे बघत होता, मी इनिसकडे, इनिस ताटलीकडे. मर्डो तेवढा शांतपणे पाव मोडत होता. मी इनिसकडून कबूल करून घेतलं होतं की तो आज काही बोलणार नाही. पण सूप संपायच्या आतच वॉटीने पुन्हा गॉल्स्पीच्या चहाचं कौतुक सुरू केलं, आणि इनिसने चमचा खाली ठेवला.

"वॉटी, आर्डव्हाराला तुला चेंडू सरकवायला जागा मिळणार नाही, म्हणून तुला गॉल्स्पी हवंय. असं सरळ सांग ना."

"इनिस!" मी ओरडले.

वॉटी उठून उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली. "तू सांगितलंस त्याला? इशी, तू?"

"बस खाली," मर्डो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण जहाजाच्या कप्तानांनाही हुकूम देणारा आवाज होता तो. वॉटी खुर्ची न उचलता माझ्या पिठाच्या डब्यावर बसला.

"मला ठाऊक आहे," मर्डो म्हणाला. "आंधळा होत चाललोय, मूर्ख नाही. गवतात गेलेल्या चेंडूचा फटका हाताला कसा लागतो ते मला कळत नाही? काठीभोवती गवत गुंडाळलं जातं, मनगटाला हिसका बसतो. दोन वर्षं होत आली, मला एकदाही हिसका बसला नाही. आधी वाटलं नशीब उघडलंय. मग वाटलं, माझ्या वाट्याला एवढं नशीब कधीच नव्हतं." त्याने वॉटीच्या दिशेला तोंड वळवलं. "म्हणून आर्डव्हारा काढलं. म्हटलं, तिथे तो चेंडू मोकळ्या जागी कुठून आणतो बघू. तुला रंगेहाथ पकडायला एवढ्या लांब नेणार होतो, वॉटी."

म्हणजे आम्ही त्या दोघांवर नजर ठेवून होतो, आणि त्यातला एक दुसऱ्यावर.

"मला विचारायचंस," वॉटीचा आवाज फुटत होता. "सरळ विचारायचंस रे."

"तू खोटं बोलला असतास."

"तुझ्यासाठीच केलं ना! तू सामान विकायला निघाला होतास!"

"ते माझं मी ठरवलं असतं!" आता मर्डोनेही टेबलावर हात आपटला. सूप सांडलं. "दोन वर्षं किटली माझ्या खिडकीत ठेवलीय मी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. शेजारच्या बाईला दाखवली. आणि ती माझी नाहीच. मी जिंकलो ते कुठे जिंकलो आणि कुठे नाही, आता मला कसं कळणार? तू सांगू शकशील? तुला तरी आठवतं का सगळं?"

वॉटी वाकून पडलेली खुर्ची उचलू लागला. आठवत नव्हतंच त्याला.

मर्डो उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला. वॉटी त्याचा दंड धरायला पुढे झाला, तर त्याने तो झटकून टाकला. मग मी मर्डोला कोट दिला आणि घरापर्यंत सोडलं. फाटकापाशी तो म्हणाला, "तूही मला चोर समजत होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर काही आठवडे आमचं टेबल रिकामं राहिलं. वॉटी सकाळी मर्डोच्या दारावरून जायचा, पण थांबायचा नाही. क्लबात लोक विचारायचे, "काय इशी, यंदा कुठे?" मी विषय बदलायचे, आणि त्यांच्याही डोळ्यांत संशय दिसायला लागला. सहल मोडली असंच मी धरून चालले होते.

मग एक दिवस मर्डोच्या खिडकीतून मला इनिसचा आवाज ऐकू आला. मी फाटक ढकलून आत शिरले. इनिस खुर्चीत ताठ बसून नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचत होता आणि मर्डो डोळे मिटून ऐकत होता.

"ये, तूही ऐक," इनिस म्हणाला. "ज्याला दिसत नाही त्याला सोबती घेता येतो. चेंडू कुठे आहे, कसा पडलाय, झेंडा किती लांब आहे, सगळं सोबत्याने सांगायचं. उभं राहायला मदत करायची, नेम धरून द्यायचा. मारायचं ज्याचं त्याने. हे छापलेलं आहे. मी हे आधीच शोधायला हवं होतं, पण मी गुन्हेगार शोधत बसलो."

"आणि सोबती कोण?" मी विचारलं.

"हा," मर्डो म्हणाला.

"इनिस?" मला हसूच आलं. "हा तुला चेंडूपेक्षा नियमच जास्त सांगेल."

"तेच हवंय मला. चेंडू सशाच्या बिळात असेल तर हा सांगेल की बिळात आहे. माझी दया येऊन थोडं बाहेर आहे असं म्हणणार नाही. म्हणशील का रे?"

"मरेन पण म्हणणार नाही," इनिस गंभीरपणे म्हणाला.

वॉटीचं नाव कोणीच काढलं नाही. मीच काढलं. मर्डोने इनिसच्या हातातलं पुस्तक चाचपून मिटलं. मग म्हणाला, "गाडी त्याची आहे ना? मग यावंच लागेल त्याला." एवढं बोलून त्याने कोट मागितला, आणि आम्ही तिघं वॉटीच्या घरी गेलो. वॉटी बागेत वाफे खणत होता. आम्हाला बघून फावडं हातात तसंच धरून उभा राहिला.

"आर्डव्हारा पक्कं झालंय," मर्डो कुंपणाबाहेरूनच म्हणाला. "गाडी तू चालवायचीस."

"बोट लागते मला," वॉटी पुटपुटला.

"तुला आयुष्यात कधी काही लागलेलं नाही. जोडी इशीशी आहे तुझी."

"आणि तू?"

"मी इनिसबरोबर. आणि एक ऐक, वॉटी. तुला मी अजून माफ केलेलं नाही. तिथे मी खेळत असताना तुझे दोन्ही हात खिशात राहिले पाहिजेत. इशी लक्ष ठेवेल."

वॉटीने फावडं मातीत रोवलं आणि आमच्यासमोरच दोन्ही हात खिशात घातले. "असे?"

"मला काय दिसतंय?" मर्डो म्हणाला. "इशी, घातलेत का?"

"घातलेत."

मे महिन्यात आम्ही गेलो. बोट हलली, पण वॉटीला काही झालं नाही. उलट मलाच कठड्याला धरून उभं राहावं लागलं. आर्डव्हारा ऐकलं होतं त्याहून वाईट निघालं. पहिल्याच होलवर वाऱ्याने मर्डोचा चेंडू उचलून टेकडीच्या पोटातल्या गवतात फेकला. वॉटी सवयीने तिकडे वळला, मी नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि तो हात खिशात घालून, तोंड वाकडं करून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

इनिसने गवतात बराच वेळ शोधलं. मग गुडघ्यावर बसला. "सापडला," तो म्हणाला.

"कसा आहे?" मर्डोने विचारलं.

"भयंकर. रुतलाय. मागे दगड, पुढे मेंढीची लीद. झेंड्याकडे मारता येणारच नाही. कडेला मारून बाहेर काढलास तरी खूप झालं."

"म्हणजे अगदीच वाईट?"

"यापेक्षा वाईट मी बघितलेला नाही."

मर्डो हसला. इनिसच्या खांद्याला धरून टेकडी चढला, इनिसने काठी चेंडूमागे टेकवून दिली, आणि मर्डोने घाव घातला. काठीभोवती गवत गुंडाळलं गेलं, वाळू उडाली, चेंडू जेमतेम दोन हात पुढे सरकून पुन्हा गवतातच बसला.

"हलला?" मर्डोने विचारलं.

"जरासा," इनिस म्हणाला. "अजून गवतातच आहे."

मर्डो मनगट चोळत होता. वॉटी माझ्या कानाशी म्हणाला, "बघवत नाही, इशी," पण त्याने हात बाहेर काढले नाहीत. तिकडे मर्डोने पुन्हा पाय रोवले आणि आमच्याकडे न वळता ओरडला, "वॉटी, खिशात आहेत ना?"

"आहेत रे म्हाताऱ्या," वॉटी ओरडला. "तू मार."